दौलतरावांचा गोठा

करंजपूरच्या वेशीबाहेरचं कुरण सरकारने हिरवा पट्टा म्हणून राखलं होतं. तिथे घरं बांधायला बंदी होती, परवानगी मिळे ती फक्त गुरांच्या गोठ्याला. नगराध्यक्ष दौलतरावांनी कागदावर गोठा दाखवून दुमजली बंगला उठवला. शेजारी आणखी तीस ‘गोठ्यां’साठी अर्ज आल्याचं कळलं, तेव्हा आपल्या म्हशी चरायच्या कुठे, या काळजीने चंद्राक्का गवळणीने तक्रार केली.

नगररचना अधिकारी पाहणीला आले. दौलतराव बेफिकीर हसले. “साहेब, गोठाच आहे हा. जरा हौसेने बांधलाय एवढंच.”

चंद्राक्काने नम्रपणे हात जोडले. “मग माझंच चुकलं. गोठा रिकामा कशाला ठेवायचा? माझ्या सात म्हशी बांधते आत.” आणि तिने पहिली म्हैस पायरीवर चढवलीसुद्धा.

दौलतराव आडवे धावले. “अगं, हॉलमध्ये म्हैस घालतेस? नवा सोफा आहे तिथे.”

“अध्यक्षसाहेब,” चंद्राक्का शांतपणे म्हणाली, “ज्या गोठ्यात म्हैस चालत नाही, त्यात राहतं कोण?”

अधिकाऱ्यांनी हसू दाबत दोघांचंही बोलणं शब्दशः लिहून घेतलं. महिन्याभरात बंगला पाडला गेला, तीसही अर्ज फेटाळले गेले आणि चंद्राक्काच्या म्हशी कुरणात निवांत चरू लागल्या.