सोमजाईची घंटा बांधतात त्या दिवसाची गोष्ट

ही गोष्ट देवळात सांगू देत नाहीत, म्हणून तुम्हाला इथं उन्हात बसवतोय. पोरांनो, पुढं सरका. म्हाताऱ्यांनी ऐकली असेल, तरी पुन्हा ऐकावी. ऐकून कुणाचं काही बिघडत नाही, आणि सुधारतही नाही म्हणा.

फार वर्षांपूर्वी, या सड्यावर, या उघड्या कातळावर, पायवाटेशिवाय दुसरी वाट नव्हती तेव्हा, आमच्या कातळवण्यात धाकू नावाचा विहीर खणणारा होता. जमिनीला कान लावून तो पाणी ऐकायचा, असं म्हणतात. खरंखोटं तो जांभा दगड जाणे. पण आसपासच्या गावांतल्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या, आणि एकही कोरडी गेली नाही. एवढा गुणी माणूस, पण देव मानत नव्हता. खणायला हात घालण्याआधी लोक नारळ फोडत, तेव्हा हा बाजूला बसून पान लावायचा, आणि खोबरं वाटायला लागले की पहिला हात याचा. देव का मानत नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "खालचं मी बघून आलोय, तिथं कुणी नाही. वरचं तुम्ही बघा."

आणि अशा माणसाचा जिवाभावाचा मैतर कोण, तर भागोजी गुरव, सोमजाई देवीचा पुजारी. देवीला आंघोळ घातल्याशिवाय हा घोटभर पाणी पीत नसे. दोघांचं रोज वाजायचं. धाकू म्हणे, तुझी देवी दगड आहे. भागोजी म्हणे, दगड तर तुझं डोकंही आहे, देवी निदान घडवलेली तरी आहे. पण धाकू विहिरीत उतरला की वर दोर धरायला भागोजीच लागायचा. दुसऱ्या कुणाच्या हातावर तो जीव टाकत नसे. मग आरतीची वेळ टळली तरी भागोजी जागचा हलत नसे. गावचा खोत त्यावरून बोलला, तर भागोजीनं त्याला सांगितलं, "देवीला थांबता येतं. लोंबकळणाऱ्या माणसाला नाही येत."

एका वर्षी पावसानं तोंडाला पानं पुसली. चैत्रातच विहिरींचा तळ दिसला. धाकू सगळा गाव पालथा घालून आला आणि म्हणाला, पाणी एकाच जागी आहे, सोमजाईच्या राईत. आता राई म्हणजे देवीची, देऊळही तिच्यातच. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही, मग खणणं तर लांबच. खोत म्हणाला, कौल लावा, देवीलाच विचारा. म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेली पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आणि पाकळी कमी भिजवली की लवकर पडते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. चिकटवणारा भागोजी. तेव्हा लोकांना वाटलं, आता हा मित्राचं काम करणार.

पण धाकूच त्याला येऊन म्हणाला, "ओल्या-सुक्याचा खेळ करू नकोस हां. तुझा देव मोडून काढलेलं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

भागोजीनं दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या. डावी पडली. धाकू पहार उचलून घरी गेला.

वैशाखात लोक डबक्यातलं पाणी गाळून प्यायला लागले, आणि पटकी आली. भागोजीला मुलग्यांच्या पाठीवर झालेली एकच मुलगी, आवडी. ती एका दिवसात सुकली आणि गेली. तिला पुरून भागोजी तसाच मातीच्या हातांनी धाकूच्या दारात आला.

"खण," तो म्हणाला. "देवी नको म्हणाली, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तरी खण. पाप माझ्या माथी."

धाकू म्हणाला, "पापबीप काही नसतं रे. पण असलंच, तर अर्धं माझं."

दोघांनीच खणलं. गावातलं काळं कुत्रं फिरकलं नाही. पहारीचा घाव बसला की राईतली पाखरं उडत आणि पुन्हा त्याच फांदीवर येऊन बसत, असं म्हणतात. आणि पाणी लागलं ते असं, की धाकूला दोर धरायची गरजच पडली नाही. पाण्यानंच त्याला उचलून काठावर आणून ठेवलं.

मग आला गाव. पहिला हंडा खोताच्या घरचा. सगळे पोटभर पाणी प्याले, आणि पिऊन झाल्यावर त्यांना पाप आठवलं. देवीचा शब्द मोडला, कुणाला तरी शिक्षा हवी. पण धाकूला काय शिक्षा करणार? देव न मानणाऱ्याकडून काढून घ्यायचं काय? खोत भागोजीला म्हणाला, देवीसमोर शपथ घे, की धाकूनं चोरून खणलं आणि तुला पत्ता नव्हता. पूजा तुझ्याकडेच राहील. भागोजी म्हणाला, शपथ घेतो, पण खरी घेतो. मी सांगितलं, तेव्हा त्यानं खणलं.

झालं. भागोजीची पूजा गेली. त्यानं आणि त्याच्या वंशानं राईत पाऊल टाकायचं नाही, असा निवाडा झाला. देवीवाचून ज्याला पाणी गोड लागत नव्हतं, त्याला देवी बंद.

तेव्हा जन्मात न वाकलेला धाकू देवळात गेला आणि पायरीवर डोकं ठेवून म्हणाला, माझ्या मित्राला आत घ्या. खोत हसला. बघा, नास्तिक वाकला, केवढा देवीचा महिमा, असं चार लोकांना दाखवलं आणि भागोजीचं नावही काढलं नाही. हे कळल्यावर भागोजी धाकूवर चिडला. मनात नसताना खोटा का वाकलास, म्हणून रडला. धाकू म्हणाला, "तुझ्यासाठी वाकलो. त्यात खोटं काय?"

पुढच्या चैत्रात विहिरीतला गाळ काढायची वेळ आली. धाकू म्हणाला, भागोजी दोर धरणार असेल तरच उतरतो, एका दिवसापुरतं त्याला आत सोडा. खोत नाही म्हणाला. धाकू घरी बसला. तेव्हा भागोजीच त्याच्या दारात गेला आणि म्हणाला, जा रे, पोरं ते पाणी पितात.

धाकू गेला. दोराला खोताची चार माणसं. गाळ निघाला, धाकू दोर धरून वर यायला लागला, आणि देवळात आरतीची घंटा झाली. नवा पुजारी वेळेचा फार पक्का होता. जन्माची सवय, घंटा ऐकली की हात जुळतात. चौघांतल्या प्रत्येकाला वाटलं, बाकीचे तिघं धरून आहेत. चौघांनीही नमस्कार केला.

भागोजी राईत धावत शिरला तेव्हा त्याला अडवायची कुणाची छाती झाली नाही. तोच खाली उतरला. त्यानंच धाकूला पाठीवर बांधून वर आणलं. वर दोर कुणी धरला, ते कुणी सांगत नाही. दोर आपोआप वर सरकला, असं म्हणतात. त्याला तिरडीवर ठेवेपर्यंत भागोजी राहिला, आणि पुन्हा राईबाहेर गेला.

खोतानं कौल लावला, की ही देवीनंच शिक्षा दिली ना? पाकळ्या पडल्या नाहीत. संध्याकाळ झाली, पाकळ्या खांद्यांवर वाळून गेल्या, तरी पडल्या नाहीत. त्या दिवसापासून सोमजाईनं कौल दिलेला नाही. मग मात्र गाव टरकला. विहिरीच्या काठावर दगड मांडला, शेंदूर फासला, आणि धाकूचा धाकोबा केला. भागोजी राईबाहेरून ओरडायचा, अरे, त्याला हे नको होतं, तो हसेल रे तुम्हाला! लोक म्हणाले, मुलगी गेल्यापासून याचं डोकं फिरलंय. ओरडत ओरडतच तो म्हातारा झाला आणि गेला.

अजूनही चैत्रात गाळ काढायच्या दिवशी सोमजाईच्या घंटेचा लोळा फडक्यानं बांधून ठेवतात. उतरलेला माणूस काठावर पाय ठेवेपर्यंत आरती होत नाही, कुणी हात जोडत नाही. मग धाकोबाला नारळ फुटतात. मुलं व्हावीत, पाणी लागावं, खटला जिंकावा, काय काय मागतात त्याच्याकडे!

आम्ही भागोजीच्या घरातले. त्या दिवशी आम्हाला राईच्या बाहेर उभं करतात आणि प्रसाद लांबून हातावर टाकतात. खोताच्या घरची आताची मुलं चांगली आहेत हो. म्हणतात, तुमच्यावरची बंदी उठवायला आमची ना नाही, फक्त देवीचा कौल मिळू दे.