धुरोबाची विचारपूस

एकदा काय झालं, भर समुद्रात एक बेट होतं. बेटाच्या मधोमध एक डोंगर. त्याच्या शेंड्यातून सदानकदा धूर निघायचा, म्हणून लोक त्याला धुरोबा म्हणायचे. पाय आत घे गं, गोष्ट काही लांब नाही.

त्या बेटावर आवडी नावाची बाई राहायची. होडीनं पाहुणे यायचे, त्यांना बेट दाखवायचं हे तिचं काम. आधी काळी पुळण. म्हणजे किनाराच, पण वाळू कोळशाच्या भुकटीसारखी. मग कढतं कुंड. त्यात तांदळाची पुरचुंडी सोडायची, गप्पा संपेपर्यंत भात तयार. मग उलटा धबधबा. तिथं खालून असा वारा सुटायचा, की पाणी खाली पडायचं सोडून वर उडायचं. पाहुणे "अबब!" म्हणायचे आणि भिजून परत जायचे.

आता आवडीची रीत कशी? पाहुण्यांकडे तोंड आणि धबधब्याकडे पाठ. माहिती सगळी घडाघडा सांगायची. वीस वर्षं दाखवलं, पण स्वतः एकदा वळून पाहिलं नाही. सगळं बेटच तसं, बरं का. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तेच.

एके दिवशी सकाळी धुरोबा गुरगुरला. मग त्याच्या तोंडातून लालभडक रस निघाला. तुमच्या पुस्तकात त्याला लाव्हा म्हणतात. गोगलगायीच्या चालीनं तो गावाकडे सरकू लागला. बेटाचा नियम असा, की संकटात पाहुणा आधी. आवडीनं पाहुण्यांना होडीत बसवलं. मग गाव बसलं. होड्या सुटल्या. आपल्या छोट्या होडीनं मागून निघायचं म्हणून आवडी कपडे घ्यायला घरी आली, बघते तर काय, आई खाटेवरच! आईचे पाय गेलेले, आणि बाई अंगानं धिप्पाड, चौघांशिवाय हलायची नाही. गावाला वाटलं आवडीनं नेलं, आवडीला वाटलं गावानं नेलं. आता चौघं आणायचे कुठून?

मग आवडी पुळणीकडे धावली. म्हणाली, "पुळणीबाई, उठा, आमच्या दाराशी बांध घाला. माझी आई जळेल हो!"

पुळण म्हणाली, "तू कोण?"

"मी आवडी! रोज येते की."

"असशील. तुझी पाठ ओळखीची वाटते. तोंड काही कधी बघितलं नाही."

मग ती कुंडाकडे गेली. कुंड म्हणालं, "भात हवा तर सांग," आणि आपलं रटरटत राहिलं.

मग धबधब्याकडे गेली. धबधबा म्हणाला, "माझं पाणी माझ्याच ताब्यात नाही, वारा नेईल तिकडे जातं. ज्याचा राग आहे त्याच्याशी बोल. तुमच्यातलं कुणी बोलतं का त्याच्याशी?"

आवडीला रडू फुटलं. कशी बोलणार? धुरोबाचं तोंड कसं दिसतं, तेच तिला ठाऊक नव्हतं. ती घराकडे पळत सुटली. वाचवता नाही आलं, तर निदान आईजवळ असावं, एवढंच तिच्या मनात होतं.

लाव्हा कुंपणापाशी आला होता. जास्वंद करपत होती. आई खिडकीशी पडून डोंगराकडे बघत होती आणि बोलत होती.

"धुरोबा, चार दिवस झाले, तोंड पाडून बसलायस. खांद्यावरचा पांढरा ढग कुठं टाकलास? आणि उगवतीकडची भेग रुंद झालीय तुझी. दुखतंय का रे?"

आणि लाव्हा थांबला.

हजार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, बरं का. अबब म्हणणारे पुष्कळ. धुरोबानं एक लांब श्वास सोडला. लाव्हा दुभंगला, घराच्या दोन्ही अंगांनी गेला आणि समुद्रात विझला. आवडी आईच्या गळ्यात पडली.

चार दिवसांनी होड्या परत आल्या. लोक बघतात तर सगळीकडे काळा दगड, आणि मधे आईचं घर तेवढं जागच्या जागी. लाव्ह्यानं गावाची घरं नेली, ती लोकांनी पुन्हा बांधली. पाहुणे आता ते घरही बघायला येतात. आईला विचारतात, "आजी, एवढा लाव्हा तुम्ही थांबवलात कसा?"

आई म्हणते, "मी कशाला थांबवतेय? चाळीस वर्षांचा शेजार आहे आमचा. शेजाऱ्याची विचारपूस करायला नको?"

आवडी अजून पाहुण्यांना घेऊन जाते. पण आधी स्वतः बघते, पोटभर. पाहुणे थांबतात तोवर.

ते तिकडे सुखात आहेत. आता तुम्ही डोळे मिटा, आणि माझी चादर सोडा.