पाच भाषांची बोलती बंद

सोनकोटच्या गजेंद्रराजांनी मोबाइलवर एक फोटो टाकला आणि राज्यात रणकंदन माजलं. फोटोत राजे होते आणि शेजारी चाकाच्या खुर्चीत चांगुणा, त्यांचा मोबाइल दुरुस्त करणारी. खाली लिहिलं होतं, 'आमची अपंग कारागीर.'

झालं. एक म्हणाला, अपंग नाही, दिव्यांग म्हणा. दुसरी म्हणाली, त्यात दिव्य काय, डोंबल? कन्नड मंडळींनी तिसराच शब्द काढला, तेलुगूंनी तो हाणून पाडला. हिंदीवाल्यांनी रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. कोकणीत कुणी तरी खोबरेल तेलाचा उपाय सांगितला. तिसऱ्या दिवशी प्रधान आणि सेनापती एका स्वल्पविरामावरून एकमेकांशी बोलेनासे झाले.

चांगुणेला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं.

राजे वैतागले. त्यांनी तिला बोलावणं धाडलं. ती दरबाराच्या अठरा पायऱ्यांखाली थांबली, म्हणून राजे दारात येऊन वरूनच म्हणाले, "तुझ्याबद्दल अशी काही ओळ लिही, की पाचही भाषांत कुणी ब्र काढणार नाही. संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर तुझं दुकान बंद."

चांगुणेनं खालूनच विचारलं, "आणि जमलं तर, महाराज?"

"मागशील ते देऊ."

"मग तुमचा फोन द्या खाली."

गिऱ्हाइकांच्या शिव्या ऐकून ऐकून तिला पाचही भाषा येत होत्या. तिनं पाचही भाषांत मजकूर लिहून त्याच फोटोखाली टाकला, फोन मांडीवर ठेवला आणि डबा उघडून भाकरी खाल्ली.

तास गेला, दुपार गेली. फोन गप्प. रडका चेहरा नाही, खोबरेल नाही. प्रधानांनी खाली येऊन फोन उलटा करून झटकला. "बिघडलाय वाटतं."

"मीच दुरुस्त केलाय, प्रधानजी. ठणठणीत आहे."

दिवेलागणीला राजे धावतच पायऱ्या उतरले आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'मला दरबाराच्या पायऱ्या चढता येत नाहीत. उद्या सकाळी इथं उतार बांधायचा आहे. फावडं घेऊन कोण कोण येतंय?'"

राजे इतके हसले, की पायरीवरच बसले. "जिंकलीस, बाई. माग काय हवं ते."

"उतारच द्या, महाराज. आणि पहिलं उत्तर तुमचं येऊ द्या."

राजांनी हसत हसत लिहिलं, 'मी येतो.'

सकाळी राजे फावडं घेऊन हजर. त्यांचा फोटो काढायला सारं सोनकोट लोटलं. चांगुणा वाटेतच खुर्ची लावून बसली होती. येईल त्याचा फोन ती ठेवून घेई आणि हातात घमेलं देई.