ठकाईचा पहारा

फार वर्षांपूर्वी आपल्या भोरखेडीत चांगलं पाणी एकाच जागी होतं, देशमुखांच्या बारवेत. बारवेला दार होतं, दाराला कुलूप होतं. बाकी गाव ओढ्याचं गढूळ पाणी प्यायचं. त्या साली ओढ्यातून पटकी आली. ठकूचा थोरला लेक त्यातच गेला, अन् धाकटी मंजुळा अंथरुणाला लागली.

त्यातच हरिनामाचा सप्ता बसला. सप्त्यात वीणा गळ्यातून उतरत नाही. एकाने पाया पडून द्यायची, दुसऱ्याने पाया पडून घ्यायची, असा पहारा बदलतो. ती जमिनीला टेकली किंवा कुणी हिसकली, की सप्ता मोडला. सातव्या सकाळी वीणेच्या पहाऱ्यावरच्या कोंडिबुवांना भोवळ आली. पुढच्या पहाऱ्याचा माणूस पटकीने आडवा. समोर हात जोडून ठकू उभी होती.

"घटकाभर धर गं," म्हणत बुवांनी वीणा तिच्या गळ्यात घातली. तोवर बाईच्या गळ्यात ती कधी पडली नव्हती.

काल्याची हंडी फोडायला मानाचे देशमुख आले. ठकू वीणा देईना.

"बारव उघडा, मग देते."

"हिसका रे हिच्याकडून!"

कुणी हललं नाही. बुवा म्हणाले, "सरकार, तुम्हीच हिसका. पण सप्ता मोडणाऱ्याला गाव मुजरा करायचं नाही."

देशमुखांचा हात तसाच खाली आला.

दुपारी शेजारची तानी धावत आली. "ठके, पोरगी पाणी मागतीय गं!"

"ओढ्याचं पाजू नको."

"मग काय पाजू, आसवं?"

ठकूने डोळे मिटले. जावं तरी घरात कुठलं पाणी होतं? असं म्हणतात, तेव्हापासून वीणा न छेडता वाजू लागली. ती ऐकून आसपासच्या गावांची माणसं आली, बायका आधी आल्या, अन् उपाशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी देशमुखांचे गडीसुद्धा येऊन बसले. मग सगळ्यांनी मिळून बारवेचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं.

ठकूने बुवांच्या पाया पडून वीणा दिली, पहिली घागर भरली अन् घराकडे पळाली. मंजुळा आदल्या सकाळीच गेली होती. ठकूच्या हातून वीणा पडेल, म्हणून गावाने तिला सांगितलं नव्हतं.

ठकू उंबऱ्यावर घागर ओतून निघून गेली. तो उंबरा भर उन्हाळ्यात ओला असतो, असं म्हणतात.

आजही बारवेला चौकट आहे, दार नाही. गावचा कारभार ज्याला हवा, त्याने आधी वीणेचा पहारा उभ्याने करायचा. अन् काल्याआधी पहिली घागर ठकाईच्या उंबऱ्यावर ओततात. त्या वेळी जयजयकार होत नाही. बायका आपापली पोरं जवळ ओढून घेतात, एवढंच.