कुंपणाचे काटे

फार पूर्वी एका गावचा सगळा कारभार गुरंच बघत. पिकात शिरलेल्या जनावराला रेडा पाटील कोंडवाड्यात घालायचा. पुढं आत बसून रवंथ करायलाही जागा उरेना, तेव्हा शेताच्या कुंपणाचे काटे उपसून त्यानं वाडा वाढवला. मोडक्या कुंपणातून आणखी गुरं पिकात शिरली आणि वाडा पुन्हा भरला.

आतली म्हातारी शेळी म्हणाली, "पाटील, काटे होते तिथं लावा. निम्मी गुरं इथं येणारच नाहीत."

"चोरानं मला शिकवू नये," म्हणत पाटलानं उरलेलं कुंपणही वाड्याला लावलं.

सुगीला उघड्या शेतात रानडुकरं घुसली. बाहेर पाटील एकटाच होता. "अरे, धरा त्यांना!" तो ओरडला.

वाड्यातून शेळीचा आवाज आला, "धरतो की. आधी दार उघडा."