थेंबातला पाहुणा

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका प्रयोगशाळेत खिडकीशी एक म्हातारा पितळी सूक्ष्मदर्शक होता. खिडकीतल्या उजेडावर त्याचं काम चालायचं. तळ्याच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर आला, की त्यात चपलेच्या आकाराचा इवलासा एकपेशीय जीव पोहताना दिसायचा. पण त्याच्या अंगावरचे केस? तिथे नुसतं धुकं. ते केस एकदा तरी नीट दिसावेत, म्हणून म्हातारा झुरायचा.

पुढे शेजारच्या खोलीत नवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. प्रयोगशाळेतल्या वसुमतीबाईंनी थेंबातला तोच जीव वाळवला, त्यावर सोन्याचा पातळ मुलामा चढवला आणि त्याला नव्याच्या बिनहवेच्या पोटात ठेवलं. म्हाताऱ्याचं लक्ष दिवसभर त्या दाराकडेच.

संध्याकाळी बाई घरी गेल्या तशी त्यानं हाक मारली, "बाळा, दिसले का रे केस?"

"दिसले की, आजोबा! ज्वारीच्या ताटांसारखे, एकेक सुटा. पार टोकापर्यंत."

म्हाताऱ्याला भरून आलं. "नशीबवान आहेस! मग तो वळताना त्या केसांवरून लाट कशी जाते, तेवढं सांग."



"आजोबा... तो वळतो?"

दुसऱ्या दिवशी नवा थेंब आला, तेव्हा म्हातारा मोठ्यानं बोलू लागला, "हं, निघाला बघ. आता शेवाळाला धडकला. मागे सरला..."

"हळूहळू सांगा, आजोबा," आतून आवाज आला. "मला बघू द्या."