झिपऱ्याचं अर्धं घरटं

फार पूर्वी विहिरीवरच्या बाभळीवर झिपऱ्या नावाचा सुगरण पक्षी राहायचा. नराने अर्धं घरटं विणायचं, मादीला आवडलं तरच पुरं करायचं, अशी त्यांची रीत. झिपऱ्या मात्र एके दिवशी घर बघायला येण्याची आमंत्रणंच देत दिवसभर फिरला!

संध्याकाळी रंगी नावाची मादी घर बघायला आली, तर फांदीला नुसती एक गाठ.

"अय्या, घर कुठंय रे?"

"उद्या दाखवतो ना!"

"उद्या शेवटचं हं. शेजारचा बघ, कसला भारी विणतोय!"

झिपऱ्या पहाटेच कामाला लागला. विणता विणताच त्याने हाक मारली, "बुलबुलराव, कोवळं गवत कुठंय हो?"

"ओढ्याकाठी!"

संध्याकाळी रंगीने अर्ध्या घरट्यात झोका घेतला. "किती मऊ रे!"

"बुलबुलरावांची कृपा! चल, ओळख करून देतो!"

"आधी घर पुरं कर," रंगी आत ऐसपैस बसत म्हणाली.